कंपनीची गाडी गावात येण्याआधी

गावातल्या पोरांना मार्गदर्शन करायला कंपनीचा सीएसआर निधी (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) आणि तिची माणसं मिळवायची असतील, तर प्रस्ताव लिहिण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून पुढ्यात घ्या. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च, आपल्या पोरांचं मृगापासून. जूनमध्ये पेरणी, पोळ्यापर्यंत निंदण-फवारणी, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचाई, ती संपते न संपते तोच बोर्डाची परीक्षा. वेचाईच्या दिवसांत शनिवारी दुपारी पोरं वर्गात बसतील असं प्रस्तावात लिहू नका. ती वावरात असतील. संध्याकाळी सातची वेळ लिहा, आणि मुलींना घरी सोडायला कोण जाणार त्याचंही नाव लिहा. मे महिना सोडूनच द्या.

कागदपत्रं एका फाइलीत: संस्थेची नोंदणी, आयकराच्या 12ए आणि 80जी नोंदण्या, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, आणि 1 एप्रिल 2021 पासून लागणारा सीएसआर-1 चा (सीएसआरचे पैसे घेऊन काम करणाऱ्या संस्थेने भरायच्या अर्जाचा) नोंदणी क्रमांक. अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव नसेल तर जुन्या संस्थेचा हात धरा, लाजू नका.

कोणाकडे जायचं? कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. म्हणून मुंबईला ईमेल पाठवत बसण्याआधी वणीकडच्या कोळसा खाणी, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने, बुटीबोरीची एमआयडीसी बघा.

आता खरी गोष्ट. पैशासोबत माणूस मागा, आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा येईल हे मागा. आमच्याकडे एकदा एका कंपनीचे वीसेक जण टी-शर्ट घालून आले, दिवसभर पोरांशी छान बोलले, वह्या वाटल्या, फोटो काढले. पुढे चार महिने दहावीतलं एक पोट्टं मला दर आठवड्याला विचारत होतं, “थे सर कवा येतीन?” ते काही आले नाहीत. चूक आमचीही होती, आम्ही विचारलंच नव्हतं. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांचे पैसे लावून ते सीएसआर खर्चात दाखवता येत नाहीत, त्यामुळे साहेबांना त्यात फारसा रस नसतो. म्हणून करारातच लिहून घ्या: कोणते आठ जण, महिन्याचे कोणते दोन शनिवार, आणि एखाद्याची बदली झाली तर पोरांना ते कोण, कधी सांगणार. मुदतही मोठी मागा. ‘चालू प्रकल्प’ (एका वर्षापेक्षा जास्त चालणारा) म्हणून मंजूर झालं तर सुरुवातीचं वर्ष धरून चार आर्थिक वर्षं मिळू शकतात. नववीतली पोरगी तेवढ्यात बारावीला पोचते.

कंपनीतून येणाऱ्या ताई-दादांची तयारी वेगळी. पोलीस पडताळणी, 2012 च्या पोक्सो कायद्याची (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) ओळख, बंद खोलीत एकट्या मुलाशी किंवा मुलीशी बैठक नाही, फोटोला आईबापाची लेखी परवानगी. मुलींचे फोन नंबर फक्त आपल्या समन्वयक ताईकडे. हे बोलायला अवघड वाटतं, तरी पहिल्याच बैठकीत बोला. आणि भाषेचं सांगून ठेवा: पोरं वऱ्हाडी बोलतील, सुधारत बसू नका. पांढरकवड्याकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या (वस्त्यांवरच्या) लेकरांची घरची भाषा कोलामी, त्यांना बोलतं व्हायला दोन-तीन भेटी लागतात. तोवर नुसतं क्रिकेट खेळलं तरी चालेल. ‘मोठा होऊन काय होणार?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी नकोच. सगळी पोरं पोलीस भरतीच सांगतात.

अंदाजपत्रकात पोरांचं एसटीचं भाडं, चहा-पोहे आणि समन्वयक ताईचा पगार धरा. पगार पाहून “प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या आतच हवा” असं कोणी म्हटलं, तर शांतपणे सांगा की ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापन खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष चालवण्याचा खर्च त्यात मोजत नाहीत.

फ्लेक्स एकच, छोटा. सरपंचांना पाच मिनिटं द्या, ते पंधरा घेतीलच. माठ सकाळीच भरून ठेवा, आणि पाहुण्यांची गाडी चुकून पुढच्या गावाला जाऊ नये म्हणून फाट्यावर कोण उभं राहील ते आदल्या रात्री ठरवा.