डॉकस्ट्रिंग म्हणजे कॉमेंट नव्हे: पायथनमधल्या या चुका टाळा

कर्जाचं व्याज काढणाऱ्या एका फंक्शनला आम्ही चांगली आठ ओळींची डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीला तीन अवतरणचिन्हांत दिलेली त्याची माहिती, लिहिली होती. पॅरामीटर कोणते, दर शेकडा द्यायचा की अपूर्णांकात, किमान रक्कम किती, सगळं त्यात होतं. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने टर्मिनलवर हेल्प चालवून पाहिलं, तर फंक्शनचं नाव आणि कंसातले पॅरामीटर, बस्स. खाली एक अक्षर नाही. फाइलमध्ये मात्र मजकूर जिथल्या तिथे. कारण सापडायला अर्धी दुपार गेली. किमान रकमेचा आकडा कॉन्स्टंटमधून आपोआप यावा म्हणून कुणीतरी तीन अवतरणचिन्हांच्या आधी एफ लावला होता.

एफ-स्ट्रिंग, म्हणजे एफ लावलेली आणि महिरपी कंसातल्या नावांच्या जागी त्यांची किंमत भरणारी स्ट्रिंग, कधीच डॉकस्ट्रिंग होत नाही. पायथन डॉकस्ट्रिंग उचलतो ती कोड कंपाइल होताना, आणि तेव्हा त्याला साधी, तयार स्ट्रिंग हवी असते. एफ-स्ट्रिंगची किंमत ठरते कोड चालताना. त्यामुळे ती फंक्शनच्या पोटातली एक साधी ओळ उरते: दर कॉलला तयार होते आणि टाकून दिली जाते. तिच्या महिरपी कंसातलं नाव अस्तित्वातच नसेल, तर फंक्शन कॉल केल्यावर नेमएरर येते, तीही ज्या ओळीला सगळे 'माहिती' समजत होते तिच्यावरून. अधिकचं चिन्ह घालून जोडलेल्या किंवा फॉरमॅट मेथड लावलेल्या स्ट्रिंगचंही हेच. बदलता आकडा हवाच असेल, तर फंक्शन लिहून झाल्यावर त्याच्या डंडर डॉकमध्ये, म्हणजे पायथन डॉकस्ट्रिंग जिथे ठेवतो त्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या 'डॉक'मध्ये, मजकूर भरा. माझं मत विचाराल तर असा आकडा डॉकस्ट्रिंगमध्ये आणूच नका, कॉन्स्टंटचं नाव लिहा.

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. आपण डॉकस्ट्रिंगला कॉमेंट समजतो. कॉमेंट पायथन टाकून देतो, डॉकस्ट्रिंग मात्र फंक्शनसोबत चालत्या प्रोग्राममध्ये राहते आणि दुसरी टूल्स ती वाचतात.

पहिली ओळ म्हणजे पहिलीच

फंक्शन, क्लास किंवा मॉड्युल, तिन्हीकडे डॉकस्ट्रिंग हे पहिलं स्टेटमेंट असावं लागतं. डीबग करताना घाईत वर एक प्रिंट टाकला की खालची डॉकस्ट्रिंग गेली. एरर नाही, वॉर्निंग नाही. मॉड्युलच्या माथ्यावर इंपोर्ट आधी आणि परिचय नंतर लिहिला तरी तेच. वर कॉमेंट असलेली चालते, म्हणून लायसन्सच्या ओळींची काळजी नको.

तपासताना हेल्पवर विसंबू नका. डॉकस्ट्रिंग सापडली नाही तर हेल्प फंक्शनच्या अगदी वरची कॉमेंट उचलून दाखवतो, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. थेट डंडर डॉक छापून पाहा. नन, म्हणजे पायथनची 'काहीच नाही' ही किंमत, आलं, तर डॉकस्ट्रिंग नाही.

बॅकस्लॅश

विंडोजवर काम करणाऱ्यांना हा दणका हमखास बसतो. डॉकस्ट्रिंगमध्ये उदाहरण म्हणून सी ड्राइव्हवरच्या यूजर्स फोल्डरचा पाथ लिहिला आणि अख्खी फाइल चालेनाशी झाली. बॅकस्लॅशनंतर कॅपिटल यू आला की पायथन पुढे आठ आकड्यांचा युनिकोड कोड शोधतो. तो मिळत नाही आणि सिंटॅक्सएरर येते. गणिताची सूत्रं लिहिणाऱ्यांचा त्रास वेगळा आणि अधिक छुपा: लाटेक पद्धतीने लिहिलेल्या थीटामधला बॅकस्लॅश-टी टॅब होऊन बसतो, बीटातला बॅकस्लॅश-बी बॅकस्पेस होतो. उपाय एका अक्षराचा. अवतरणचिन्हांच्या आधी आर लावून रॉ स्ट्रिंग करा. एफच्या उलट, आर लावल्याने डॉकस्ट्रिंग डॉकस्ट्रिंगच राहते. ज्या बॅकस्लॅशला पायथनच्या लेखी अर्थ नाही, त्यावर आवृत्ती ३.१२पासून सिंटॅक्सवॉर्निंग दिसते. तिच्याकडे काणाडोळा करू नका.

डेकोरेटर

स्वतः लिहिलेला डेकोरेटर, म्हणजे एका फंक्शनला दुसऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळणारं फंक्शन, लावल्यावर डॉकस्ट्रिंग गायब झाली, फंक्शनचं नावही 'रॅपर' दिसतंय? आतल्या फंक्शनवर फंकटूल्समधला रॅप्स लावायचा राहिला आहे. एका ओळीचं काम.

डॉकटेस्ट: इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

डॉकस्ट्रिंगमधलं उदाहरण खरंच चालवून पाहणारं डॉकटेस्ट मॉड्युल पायथनसोबतच येतं. पायथन ३मध्ये फंक्शनला देवनागरी नाव देता येतं, म्हणून आपलं उदाहरण असं:

"""मुद्दल, शेकडा दर आणि वर्षे घेऊन सरळव्याज परत देतो.

>>> सरळव्याज(10000, 8, 3)
2400.0

दर शेकडा द्यावा, अपूर्णांकात नाही.
"""

इथे उत्तर 2400 लिहिलं असतं तर टेस्ट पडली असती. आत भागाकार आहे, त्यामुळे पायथन 2400.0 छापतो, आणि डॉकटेस्ट किंमत नव्हे तर छापलेला मजकूर ताडून पाहतो. याच कारणाने स्ट्रिंग परत देणाऱ्या फंक्शनचं उत्तर एकेरी अवतरणचिन्हांत लिहावं लागतं, आणि सेटचं उत्तर आज जुळतं, उद्या जुळत नाही. सेट असेल तर सॉर्ट करून दाखवा.

उत्तराखालची रिकामी ओळ सोडायची विसरू नका. ती नसेल तर 'दर शेकडा द्यावा' हे वाक्यसुद्धा अपेक्षित उत्तराचा भाग धरलं जातं. तीन बाणांनंतर एक जागाही सोडावीच लागते, नाहीतर व्हॅल्यूएरर.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी एक खास खाचखळगा आहे, जो मला फार उशिरा कळला. 'साताऱ्याला' हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मागोमाग न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या पद्धतीचा शब्द फंक्शनने परत दिला, तर ते अदृश्य चिन्ह पायथन बॅकस्लॅशच्या कोडच्या रूपात छापतो आणि टेस्ट पडते. तो कोड अपेक्षित उत्तरात जसाच्या तसा लिहिला तरी जमत नाही, कारण साध्या डॉकस्ट्रिंगमध्ये त्याचं पुन्हा अदृश्य चिन्ह होतं. तिथे रॉ डॉकस्ट्रिंगच हवी. त्याहून बरं म्हणजे मजकूर आत घेतानाच एका पद्धतीवर आणा, शोधाशोधीतही पुढे तेच उपयोगी पडतं.

आणि शांततेवर विश्वास ठेवू नका. सगळ्या टेस्ट पास झाल्या तर डॉकटेस्ट काहीच छापत नाही. एकही टेस्ट सापडली नाही, तरीही काहीच छापत नाही. आमच्या त्या एफ-स्ट्रिंगमध्ये दोन उदाहरणं होती. ती कधीच चाललेली नव्हती, आणि आम्ही ती पास समजत होतो. व्ही हा पर्याय देऊन चालवा, म्हणजे कोणत्या फंक्शनला टेस्ट नाहीत तेही दिसतं.

तुमची डॉकस्ट्रिंग ग्राहक वाचतो

फास्टएपीआय ही वेब एपीआय बनवायची लायब्ररी एंडपॉइंटच्या (एपीआयच्या एका पत्त्याच्या) फंक्शनची डॉकस्ट्रिंग एपीआयच्या माहितीपानावर छापते, क्लिक ही टर्मिनलच्या कमांड बनवायची लायब्ररी ती कमांडच्या हेल्पमध्ये दाखवते. 'हे नंतर नीट करायचं', आतल्या सर्व्हरचं नाव, सहकाऱ्यासाठी निरोप, हे सगळं बाहेरच्या माणसासमोर जातं. असल्या नोंदी कॉमेंटमध्ये लिहा. दोन्ही लायब्ररींमध्ये फॉर्म फीड हे चिन्ह, म्हणजे बॅकस्लॅश-एफ, घातलं की त्यापुढचा मजकूर दाखवला जात नाही. वर्णन मध्येच तुटलेलं दिसलं तर लाटेकमधला अपूर्णांक शोधा, तोही बॅकस्लॅश-एफनेच सुरू होतो.

सर्व्हरवर पायथन दोन ओ असलेल्या पर्यायाने चालत असेल तर सगळ्या डॉकस्ट्रिंग काढून टाकल्या जातात. डंडर डॉकवर स्प्लिट वगैरे करणारा कोड तुमच्या मशीनवर चालतो आणि तिथे कोसळतो.

खोटी पडलेली डॉकस्ट्रिंग

नसलेल्या डॉकस्ट्रिंगपेक्षा ही जास्त नुकसान करते, कारण वाचणारा तिच्यावर विसंबतो. डॉकस्ट्रिंगचे संकेत सांगणारं पेप २५७ हे पायथनचं दस्तऐवज २००१ सालापासून आहे, आणि रफसारखं कोड तपासणारं टूल त्यातले बरेच नियम तपासून देतं: पहिली ओळ एका वाक्यात संपते का, नंतर रिकामी ओळ आहे का. मजकूर खरा आहे का, हे मात्र ते सांगू शकत नाही. आमच्याकडे कोडमधला शंभराने भागायचा भाग कुणीतरी काढला, दर अपूर्णांकात घ्यायचं ठरलं, आणि डॉकस्ट्रिंग 'शेकडा' म्हणत राहिली. दोन आठवडे हिशेब चुकत होते. एफ काढला आणि उदाहरण पहिल्यांदा खरोखर चाललं, तेव्हा डॉकटेस्टने लगेच दाखवलं: अपेक्षित 2400.0, मिळालं 240000.