जुन्या इमारतीचे फ्लॅट वेगवेगळे विकायचे आहेत? आधी हे उघड करा

नागपुरात धरमपेठेत किंवा महालात वडिलांनी बांधलेली तीन मजली इमारत, तळमजल्यावर जुना भाडेकरू, आणि भावंडांना आता एकेक फ्लॅट विकायचा आहे. यासाठी महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1970 खाली डिक्लेरेशन डीड, म्हणजे इमारत, तिचे फ्लॅट आणि प्रत्येकाचा हिस्सा जाहीर करणारा मालकांचा नोंदणीकृत दस्त, करावे लागते. पण त्याआधी 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 55 समजून घ्या. मालमत्तेतला किंवा मालकीतला जो दोष तुम्हाला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या चौकशीत कळणार नाही, तो तुम्ही सांगितलाच पाहिजे.

सुरुवात आखीव पत्रिकेपासून, म्हणजे नगर भूमापनाच्या मालकी नोंदीच्या उताऱ्यापासून. जमीन नझूलची (सरकारी) किंवा नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवरची (भाडेपट्ट्यावरची) असेल तर लीज कधी संपते आणि हस्तांतरणाला परवानगी लागते का, हे लीजच्या कागदातच पाहा. जमीन मालकीची की लीजची, हे डीडमध्ये लिहावेच लागते. पत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव असेल तर आधी वारसांचा फेरफार करून घ्या. डीडवर सगळ्या मालकांच्या सह्या लागतात. लग्न होऊन अमरावतीला गेलेल्या बहिणीचीही.

मग मंजूर नकाशा काढून हातात घ्या आणि इमारतीत फिरा. डीडला मजल्यांचे नकाशे जोडावे लागतात, आणि ते मंजूर नकाशाप्रमाणेच आहेत असा आर्किटेक्टचा दाखलाही. इथेच बहुतेकांचे अडते. मागची बाल्कनी बंद करून खोली झालेली असते, जिन्याखाली दुकान निघालेले असते, गच्चीवर टिनाची शेड असते. हे नियमित होत असेल तर आधी करून घ्या. नसेल होत तर घेणाऱ्याला लेखी सांगा आणि ती जागा फ्लॅटच्या क्षेत्रफळात धरू नका.

इमारतीला 30 वर्षे झाली असतील तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265अ नुसार नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी सक्तीची आहे. त्याचा अहवाल पूर्णच द्या. कॉलमची सळई उघडी पडली असेल तर रंग मारून झाकू नका; त्या छताखाली कोणाची तरी मुले झोपणार आहेत.

भाडेकरूचे नाव, भाडे, करार, चालू दावा, सगळे कागदावर आणा. फ्लॅट विकला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, नवा मालक त्याच्यासकट घेतो.

सर्वात जास्त वेळ टक्केवारीला द्या. जमीन, जिना, गच्ची, बोअरवेल यांत प्रत्येक फ्लॅटचा अविभक्त हिस्सा (वेगळा तोडून न देता येणारा सामाईक वाटा) फ्लॅटच्या किमतीवरून ठरतो. चार फ्लॅट 50, 50, 60 आणि 40 लाखांचे असतील तर हिस्से 25, 25, 30 आणि 20 टक्के. इमारतीच्या निर्णयांत फ्लॅटमालकांची मतेही याच हिशेबाने. एकदा नोंदले की सर्व फ्लॅटमालकांच्या संमतीशिवाय बदलत नाही. गच्ची किंवा पार्किंग एखाद्याच फ्लॅटसाठी राखणार असाल तर तेही इथेच लिहा, तोंडी कबुलीवर ठेवू नका.

फ्लॅटवर बोजा (कर्ज, गहाण) नाही, असे डीडमध्ये नमूद करावे लागते. म्हणून बँकेचे कर्ज आधी फेडा आणि वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे नोंदणीतले जुने व्यवहार तपासल्याचा अहवाल, घ्या.

शेवटी उपविधी (इमारतीचा कारभार चालवण्याचे नियम) जोडून डीड दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. त्यानंतरच एकेका फ्लॅटचे अपार्टमेंट डीड (त्या फ्लॅटचा घेणाऱ्याच्या नावे दस्त) करा आणि बयाणा घेण्यापूर्वी डिक्लेरेशनची पूर्ण प्रत घेणाऱ्याला देऊन पोच घ्या.