राखणीच्या कुत्र्याचे गोचीड: आधी भिंतीच्या भेगा बघा

मृगाच्या सरी पडल्या की उकाड्यात दमटपणा मिसळतो आणि गोचिडांची पैदास झपाट्याने वाढते. याच आठवड्यात कुत्रं झोपतं ती जागा साफ करून घ्या. कुत्र्याची आंघोळ दोन दिवस मागे पडली तरी चालेल, जागा मात्र थांबवू नका.

वस्तीवरची चांगली राखणदार कुत्री पावसाळ्यात गोचीडतापाने दगावताना दरवर्षी बघतो. मालकाने गोचीड मारायचा पट्टा आणलेला असतो, महागडा शाम्पू आणलेला असतो. पण शेडच्या भिंतीकडे कोणी बघितलेलं नसतं.

रक्त पिऊन टम्म झालेली मादी एरंडीच्या बीसारखी दिसते. ती अंगावरून गळते, भिंत चढते आणि भेगेत शिरून हजार ते चार हजार अंडी घालते. अंड्यातून सहा पायांची बारीक पिल्लं निघतात. ती कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, पुन्हा उतरून भेगेत कात टाकतात. मोठं होईपर्यंत हे असंच चालतं. उपाशी गोचीडही भेगेत कित्येक महिने तग धरतो. म्हणून अंगावर दिसतात ते थोडे, खरा साठा भिंतीत.

रात्री बॅटरी घेऊन बघा. खाली बघून थांबू नका. हे गोचीड वर चढतात. चौकटीमागे, पत्र्याखालच्या वाशांच्या सांध्यात, दगडी भिंतीच्या खाचेत तपकिरी अंड्यांचे पुंजके सापडतील. माझा अंदाज असा, की कुत्र्याने नेहमीची जागा अचानक सोडली तर त्या जागेच्या आसपासची भेग भरलेली असते. तिथूनच सुरुवात करा.

जागेची कामं:
- जुनं पोतं, गोणपाट जाळणे
- भेगा तारेच्या ब्रशने खरवडणे, कचरा जाळणे
- सिमेंट किंवा चुन्याने लिंपणे
- भोवतालचं गवत कापणे

लिंपण्याआधी भेगांत ५ टक्के निंबोळी अर्क मारा. अर्धा किलो वाळलेली निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, एकूण १० लिटर पाणी करा, थोडा साबणचुरा घाला. फवारणी संध्याकाळी करा, उन्हात अर्काची ताकद जाते. निंबोळीने मोठा गोचीड लगेच मरत नाही. त्याचं खाणं, अंडी घालणं आणि कात टाकणं बिघडतं. त्यामुळे एका फवारणीवर भागत नाही. मी दर दहा दिवसांनी, निदान चार वेळा मारायला सांगतो.

अंगावरचे गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका. कानांच्या पाळ्या, बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान, काखा आणि शेपटीखालचा भाग रोज तपासा. एक भाग करंज तेल चार भाग खोबरेल तेलात मिसळून बाहेरून चोळायचा शेतावरचा उपाय मला बरा वाटतो. आधी थोड्या जागी लावून बघा. कानाच्या आत घालू नका, पिल्लांना आणि गाभण कुत्रीला लावू नका.

रॉकेल आणि तंबाखूचं पाणी लावू नका. दुकानदार ‘थोडंसंच लावा’ म्हणून पिकावरचं कीटकनाशक हातात देतो, ते तर मुळीच नको. कुत्रं अंग चाटतं, विष थेट पोटात जातं. गोचीड फारच झाले तर पशुवैद्यकाला विचारून अमिट्राझ १२.५ टक्के हे गोचीड मारायचं औषध, लिटरभर पाण्यात २ मिली मिसळून अंगाला लावायचं. चार महिन्यांखालच्या पिल्लांना नाही. भिंत न लिंपता हेसुद्धा केलंत तर महिन्याभरात गोचीड पुन्हा अंगावर.

ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त किंवा लघवी गडद लाल दिसली, तर घरचे उपाय थांबवा. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या, आणि कुत्रं परत आणण्याआधी त्याची झोपायची जागा बदला.