दाव्यात माणसं मरतात

वकिलीची सनद मिळाली की बहुतेक जण आधी फौजदारीकडे बघतात. जामीन झाला की संध्याकाळी पैसे हातात. दिवाणीत तसं नाही. माझी पहिली दोन वर्षं सिनिअरच्या फायली उचलण्यात आणि पुढची तारीख मागणारे मुदतीचे अर्ज खरडण्यात गेली, आणि अजूनही महिनाअखेरीला पोटात गोळा येतो. तरी यायचं असेल तर या.

कोर्टांची उतरंड तुम्हाला परीक्षेपुरती पाठ आहेच. पाच लाखांपर्यंतचा दावा कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशाकडे, त्यावरचा वरिष्ठ स्तराकडे. अपील जिल्हा न्यायालयात असेल तर ३० दिवस, हायकोर्टात असेल तर ९०. दुसरं अपील कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. एवढंच लक्षात ठेवा: निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, अर्ज न टाकता तुम्ही घालवलेले होत नाहीत. निशाणी ५ (तात्पुरत्या मनाईचा अर्ज), कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे (कोर्टाने ठरवायचे वादाचे प्रश्न), उलटतपास हे सगळं फायली चाळता चाळता अंगवळणी पडतं.

मी आपटलो ते वेगळ्याच ठिकाणी.

वाटपाचा दावा होता, आम्ही वादीकडून. प्रतिवादी सहा, त्यांत चौथ्या नंबरला वादीची आत्या. एका तारखेला पक्षकार कोर्टाबाहेरच्या टपरीवर भेटला आणि म्हणाला, "मागच्या तारखेला येता नाही आलं साहेब, आत्या गेली. दहाव्याला होतो." मी "अरेरे" म्हटलं, चहाचे पैसे दिले आणि आत जाऊन मुदत मागितली. डायरीत काय लिहिलं? "पक्षकार मागील तारखेस गैरहजर, घरात दुःख." ती डायरी मी जपून ठेवली आहे.

तीन तारखा गेल्या. मग समोरच्या वकिलांनी मृत्यूच्या दाखल्यासह मयताची पुरसिस, म्हणजे आत्या वारल्याचं कोर्टाला लेखी कळवणं, दिली. मी तिथेच बाकावर बसून बोटांवर दिवस मोजले. १७१.

हिशोब नीट समजून घ्या. प्रतिवादी वारला तर ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणायचे. नाही आणले तर त्याच्यापुरता दावा आपोआप अबेट होतो, म्हणजे संपुष्टात येतो, कोर्टाने वेगळा हुकूम करावा लागत नाही. अबेट झाल्यापासून ६० दिवसांत ते रद्द करून घेता येतं. म्हणजे हातात एकूण १५० दिवस, आणि पहिले ९० मोजायचे मृत्यूच्या तारखेपासून, तुम्हाला कळल्यापासून नव्हे. त्यापुढे गेलात की विलंब माफ करा, अबेटमेंट रद्द करा, वारस घ्या, असं तिन्ही मागावं लागतं. आणि वाटपात प्रत्येक हिस्सेदार आवश्यक पक्षकार, त्यामुळे "तिच्यापुरताच तर गेला" म्हणून सुटका नाही. अख्खा दावा लटकतो. वारस न घेता हुकूमनामा (निकालाचा अंमल करता येईल असा कोर्टाचा हुकूम) मिळवलात तर मेलेल्या माणसाविरुद्धचा तो कागद रद्दीच्या भावाचा.

पक्षकार वारल्याचं कळलं की कोर्टाला कळवणं हे त्याच्या वकिलाचं काम आहे, कायद्यातच तसं आहे. पण त्याच्या भरवशावर बसू नका.

बार रूममध्ये एका ज्येष्ठांनी लगेच तोडगा सुचवला: "मृत्यू उशिरा कळला असं अ‍ॅफिडेव्हिट टाक." खरंच कळलं नसेल तर कोर्ट ते विचारात घेतंही. पण आमचा पक्षकार दहाव्याला हजर होता! उलटतपासात पहिल्याच प्रश्नाला उघडा पडला असता. असले तोडगे फुकट वाटणाऱ्यांपासून लांब राहा, कितीही केस पिकलेले असोत. मी वकिलाची चूक म्हणून सरळ लिहिलं. दोन हजार खर्च बसवून अर्ज मंजूर झाला. खर्च मी भरला.

घाबरून जाऊ नका. कैफियतच न दिलेल्या प्रतिवादीचे वारस आणण्यातून कोर्ट निकालाआधी सूट देऊ शकतं. युक्तिवाद संपून निकाल बाकी असताना कुणी गेलं तर दावा अबेट होत नाही. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, तर ही ९० दिवसांची भानगडच नाही.

मोबाइलवरच्या ई-कोर्ट्सवर पुढची तारीख दिसते, आत्या गेलेली दिसत नाही. म्हणून मी हल्ली दर तारखेला पक्षकाराला नंबरवार विचारतो: एक नंबर बरे आहेत ना, दोन नंबर? लोकांना वाटतं वकीलसाहेब फार मायाळू. ही सवय मला सिनिअरने नव्हे, त्यांच्या कारकुनाने लावली. सत्तावीस वर्षं त्याच कोर्टात काढलेला माणूस. रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) कसा वाचायचा तेही त्यानेच दाखवलं. चांगला कारकून भेटला तर चहा रोज तुम्हीच पाजा.

तो दावा अजून चालू आहे. चार नंबरच्या जागी आता आत्याचे वारस ४/१ ते ४/५ आहेत. त्यातला ४/३ सुरतला असतो. समन्स बजावणीचा भत्ता दोनदा भरला, त्याचं समन्स अजून बजावून आलेलं नाही.