वढवाण्याला पक्षी मोजायला निघताना

वढवाणा म्हणजे बडोद्याजवळ, डभईच्या पुढचा तलाव. तिथे पाणपक्षी मोजायचे तर आधी तारीख ठरवा. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते, आपल्याकडे १९८७ पासून. पण बडोद्यात त्याच सुमारास उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत येते. १४ आणि १५ तारखेला गच्ची सोडून कोणी येत नाही, आणि स्कूटरवाल्याच्या गळ्याला मांज्याची भीती ती वेगळीच. त्यामुळे पतंगांच्या लगतचा रविवार नकोच.

माणसं चार-चारच्या टोळीत. एकाकडे टेलिस्कोप, दुसऱ्याकडे दुर्बीण, तिसरा वहीवाला आणि चौथा वेळ सांभाळणारा, शिवाय गावकऱ्यांशी बोलणारा. वहीवाल्याने पक्षी बघायचे नाहीत, फक्त ऐकायचं आणि लिहायचं. हे काम कोणालाच नको असतं, म्हणून ते सगळ्यात चोख माणसाला द्या. कॅमेरेवाले आले तर येऊ देत. मोठ्या थव्याचा फोटो घरी मोठा करून मोजता येतो. मात्र जवळून फोटो हवा म्हणून पाण्याकडे धावणाऱ्याला पुढच्या वेळी बोलवू नये, असं माझं स्पष्ट मत.

जानेवारीत सूर्य सव्वासातनंतर उगवतो. साडेपाचला निघालं की डभईत चहा होतो. बायकांनी तिथल्या पेट्रोल पंपावरच उरकून घ्यावं, पुढे गावतळ्यांवर सोय असेलच असं नाही. (बाजीराव आणि दाभाडे यांच्या १७३१ च्या लढाईमुळे डभईचं नाव आपल्याला पाठ असतं. हिरा भागोळ दरवाजा बघायचा तर परतताना. पहाटे इतिहास काढलात तर बदकं उडून जातील.)

तलावावर उन्हाकडे पाठ करून उभं राहा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात. मोजण्याआधी पाणी किती आहे ते लिहा. वढवाणा सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० मध्ये, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव आहे. २०२१ मध्ये तो रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाला, तरी पाणी सिंचनाच्या हिशेबानेच चढतं-उतरतं. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि तुतवार, शेकाटे असे चिखलात चरणारे पक्षी वाढतात. ही नोंद नसेल तर यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी मांडून काही कळत नाही.

आता मोजणी. माझी नोकरी बँकेच्या कॅशमध्ये गेली, त्यामुळे मला गठ्ठ्यांची सवय आहे. पहिले दहा पक्षी एकेक करून मोजायचे. दहांनी केवढी जागा घेतली ते डोळ्यांत बसवायचं. तशा दहा जागा म्हणजे शंभराचा गठ्ठा. मग टेलिस्कोप एकाच दिशेने सरकवायचा, मागे आणायचा नाही. थवा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो, तेव्हा कडेला आल्यावर दहाचं माप पुन्हा घ्या. वारकरी म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे पाणपक्षी. त्यांच्या गर्दीत तलवार बदक, थापट्या, लालसरी ही बदकं मिसळलेली असतील तर आधी एकूण आकडा घ्या, मग तीन-चार ठिकाणचे शंभर-शंभर तपासून कोणाचा वाटा किती ते काढा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडा शेवटीच बोलायचा. फार तफावत आली तर सरासरी काढून मोकळं होऊ नका, पुन्हा मोजा. ओळख पटली नाही तर ‘बदक, अनोळखी’ असं लिहिण्यात कमीपणा नाही.

दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी तलावावर घिरट्या घालायला लागला की अख्खा थवा उठतो आणि मोजणी मोडते. म्हणून वारकरी सगळ्यात आधी. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) मात्र घाईने मोजू नका. ते रात्री आणि पहाटे शेतांत चरतात, ऊन चढता चढता पाण्यावर परततात. सकाळी आठला तलावावर थोडेच दिसले म्हणून यंदा कमी आले असं जाहीर करणारे दरवर्षी भेटतात. पट्टकादंबांसाठी उशिरा वेगळी फेरी ठेवा.

दोन टोळ्या असतील तर हद्द आधी ठरवा: अमुक झाड, तमुक देऊळ. हद्द ओलांडून थवा उडाला तर वेळ आणि दिशा लिहा, म्हणजे दुपारी वह्या समोरासमोर ठेवून तो एकदाच धरता येतो.

दुपारी गावतळी. गाडीतून उतरल्यावर दुर्बीण काढण्याआधी ‘केम छो काका’. तळ्यात शिंगाडे लावले असतील तर मालकाला विचारूनच काठावर जा. त्या वेलींवर कमळपक्षी हमखास. सारस कुठे येतात हेही काकांनाच ठाऊक असतं, पण घरटं कळलं तर ते कुठे आहे हे जाहीर करू नका. तळं कोरडं निघालं तरी नाव, वेळ आणि शून्य लिहा.

ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी भरायचं संकेतस्थळ) प्रत्येक तळ्याची वेगळी यादी, टोळीतर्फे एकानेच भरायची आणि बाकीच्यांना शेअर करायची. चौघांनी चार याद्या स्वतंत्र भरल्या तर तेच पक्षी चौपट होतात. त्याच संध्याकाळी भरा. सेव-उसळ खायला बसाल तेव्हा वहीवाल्याला सगळ्यात कोरडी खुर्ची द्या आणि वहीवर तर्री सांडू देऊ नका.