बालगृहातून बाहेर पडल्यावर मैत्री टिकावी म्हणून काय करावं

एकाच बालगृहात लहानाची मोठी झालेली मुलं १८ पूर्ण झाली की पांगतात. कोणी चाकणला कंपनीत, कोणी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर दुकानात, कोणी हडपसरला नर्सिंगच्या होस्टेलवर. वर्षभरात एकमेकांचा पत्ता राहत नाही. भांडून मैत्री तुटते ती क्वचित. सिम बंद पडतं, सुट्ट्या जुळत नाहीत, उधारी थकते आणि तिथेच संपतं. त्यामुळे सोबत राहणाऱ्या ताई-दादांनी आधी या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी मार्गी लावाव्यात, समुपदेशन नंतर.

सुरुवात बाहेर पडायच्या सहा महिने आधी करा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८ ते २१ वयासाठी आफ्टरकेअरची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या मदतीची सोय आहे. पण प्रत्यक्षात शिक्षण, नोकरी आणि राहायची जागा ठरली की केअर प्लॅन, म्हणजे मुलाच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा, झाला असं समजलं जातं. त्यात माणसंही लिहा. मुलाला विचारा, “रात्री ११ वाजता ताप भरला तर फोन कोणाला लावशील?” पहिलं उत्तर बहुधा ‘सर’ किंवा ‘मॅडम’ येतं. मग म्हणा, “सरांची बदली झाली तर?” किमान तीन नावं निघायला हवीत: एक सोबत वाढलेलं, एक बाहेरचं, एक वयाने मोठं. सख्खी भावंडं वेगवेगळ्या संस्थांत असतील, तर त्यांचा संपर्क सगळ्यात आधी लावून द्या.

फोनचं नीट समजावून सांगा. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे तोच नंबर भलत्याला मिळतो. स्वस्त प्लॅनसाठी नवं सिम घ्यायची मुलांना सवय असते. त्याऐवजी जुनाच नंबर पोर्ट करायला शिकवा. सगळे नंबर एका छोट्या वहीतही लिहायला लावा, कारण फोन चोरीला गेला की नंबरही जातात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मुलांचाच असू द्या. अधीक्षक ग्रुपमध्ये असले की फक्त ‘गुड मॉर्निंग’ची फुलं येतात. संस्थेतले जुने फोटो मात्र इन्स्टावर टाकू नका म्हणून बजावा. त्यात १८ खालची मुलं असतात, आणि त्यांची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे.

ओळखीचा प्रश्न मोठ्यांनाही असतो. कामावर सगळ्यांना आपलं बालपण सांगायचं नसतं, आणि भेटायला आलेला मित्र सहकाऱ्यांसमोर “आम्ही संस्थेत एकत्र होतो” म्हणून मोकळा होतो. त्यावरून कायमचे अबोले झालेले आहेत. म्हणून चारचौघांत काय सांगायचं ते दोघांनी आधीच ठरवावं. ‘शाळेपासूनची ओळख’ पुरतं, आणि ते खोटंही नसतं.

भेटीचा दिवस ठरवताना पुण्याचं वेळापत्रक बघा. भोसरी-चाकण भागात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, ऑफिसवाल्यांना रविवारी, लक्ष्मी रोडच्या बऱ्याच दुकानांना सोमवारी. सगळ्यांना चालेल असा वार निघतच नाही, तो शोधत बसू नका. महिन्यातून एक संध्याकाळ धरा आणि वार आळीपाळीने बदला. जागा सारसबागेसारखी, बसायला पैसे न लागणारी. पिंपरीकडून मेट्रो थेट स्वारगेटला येते, तिथून बाग जवळ. खर्च ज्याचा त्याने करायचा. हॉटेलात भेटायचं ठरलं की पगार न झालेला मुलगा “काम आहे” म्हणून टाळतो, आणि दोनदा टाळलं की तिसऱ्यांदा त्याला कोणी बोलवत नाही.

पैशांबाबत ‘नाही’ म्हणण्याची वाक्यं तोंडपाठ करून घ्या: “पाचशे आहेत, घे, परत नको देऊस. त्याच्यावर माझ्याकडे नाहीत.” परत मागावी लागणार नाही एवढीच रक्कम द्यायची. मित्राच्या कर्जाला जामीन राहायचं नाही, आपल्या आधारवर त्याला कर्ज किंवा सिम काढून द्यायचं नाही. खोली मिळून घेतली तर ११ महिन्यांच्या करारात सगळ्यांची नावं घाला, आणि मध्येच सोडणाऱ्याला डिपॉझिटमधला वाटा कधी मिळेल ते एका कागदावर लिहून सह्या करा. एकाच्याच नावावर करार असला की घरमालकाची बोलणी तोच खातो आणि बाकीच्यांवर खार धरतो.

दिवाळीची तयारी दसऱ्यालाच. तेव्हा रूममेट गावी जातात, मेस बंद होते, आणि खोलीत एकटं कोण उरणार ते विचारल्याशिवाय कळत नाही. भाऊबीजेला कोण कोणाकडे जाणार, हे नावानिशी ठरवा. “कधीही ये” असल्या आमंत्रणाला कोणी येत नाही. वाढदिवसाचंही विचारून घ्या. अनेकांच्या कागदावर १ जून असतो, शाळेत घालताना टाकलेला. काहींना तोच हवा असतो, काहींनी स्वतःची वेगळी तारीख ठरवलेली असते.

जुन्या सोबत्यांना भेटायचंच नाही, असंही कोणी म्हणेल. तिथे मारहाण किंवा त्याहून वाईट काही झालेलं असू शकतं. गळ घालू नका, त्याचा नंबर त्याला न विचारता कोणाला देऊ नका. तो बोलू लागला तर ऐका. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेची हेल्पलाइन आहे, तो नंबरही वहीत लिहायला लावा.