अडचणीच्या जागी गिअर ऑइल भरताना

मागच्या डिफरन्शियलचे (इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचे) किंवा गिअरबॉक्सचे भरण्याचे छिद्र बहुधा बाजूला आणि चॅसीच्या आड असते, त्यामुळे तेथे डबा तिरपा करून ऑइल ओतता येत नाही. घरी काम करणाऱ्यास अर्धा लिटरची सक्शन गन (ऑइल ओढून घेऊन ढकलणारी मोठी पिचकारी) आणि तिला जोडलेली पारदर्शक नळी पुरेशी ठरते. मोठ्या पिकअपसाठी मात्र डब्याच्या तोंडावर बसणारा हातपंप घ्यावा. वरून वाट मिळत असेल, तर लांब नळी लावलेले नरसाळेही चालते, पण दाट ऑइल हळू उतरते.

गाडी सपाट जागी स्टँडवर चारही बाजूंनी समतल उभी करावी. भरण्याचा प्लग सुटतो याची खात्री होईपर्यंत खालचा ड्रेन प्लग कधीही उघडू नये, कारण वरचा प्लग गंजून अडकला, तर ऑइल काढलेली गाडी जागेवरच राहते. गोव्यात तांबड्या मातीचा चिखल प्लगभोवती घट्ट बसतो. तो आधी ब्रशने काढावा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल आणि ऑइल दुधाळ दिसत असेल, तर आत पाणी शिरले आहे, तेव्हा ऑइल बदलून ब्रीदरही (आतली हवा बाहेर सोडणारी छोटी वाट) तपासावा.

ऑइलची श्रेणी (जीएल-४, जीएल-५ अशी) गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्यावी. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ घातल्यास पितळी सिंक्रोनायझर (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) झिजू शकतात. छिद्राच्या खालच्या कडेवरून ऑइल ओघळू लागले की पंप थांबवावा, ओघळ थांबू द्यावा आणि नवे वॉशर लावून प्लग घट्ट करावा.